टीटी

दादरला उड्डाणपुलाखाली बसचा वेग कमी झाला की कंडक्टर दोनच अक्षरं ओरडतो, "टीटी!" चौकाचं नाव खोदादाद सर्कल. ते पाटीवर आहे, पत्त्यात आहे, पण लोकांच्या तोंडी मात्र टीटीच. मागे एकदा माझ्या पुढच्या सीटवर कॉलेजातला एक मुलगा आणि एक मुलगी होती. तो म्हणाला, "टीटी म्हणजे टॅक्सी टर्मिनस." ती म्हणाली, "टेबल टेनिस असेल." दोघं खूप हसली. ट्राम टर्मिनस, हे उत्तर माझ्या ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं. ज्या गाडीत आपण कधी बसलो नाही तिची आठवण दुसऱ्याला कोणत्या तोंडाने सांगायची?

माझ्याकडे आहे ती आजीची ट्राम. आजी लालबागच्या चाळीत राहायची आणि अंतर पैशांत मोजायची. ससून डॉक ते दादर म्हणजे दीड आणा. त्याच प्रवासाला बस चार आणे घ्यायची, म्हणून बस ही तिच्या लेखी साहेबलोकांची गाडी. धावत्या ट्राममधून उतरायची तिची पद्धत तिने आम्हाला चाळीच्या गॅलरीत करून दाखवली होती: पदर खोचायचा, दांडा डाव्या हाताने धरायचा, तोंड गाडी जाते तिकडे, आणि जमिनीला पाय लागला की चार पावलं गाडीबरोबर पळायचं. "काष्टा असल्यावर भीती कसली? पडायच्या त्या गोल साडीवाल्या," असं वर ठसक्यात.

तिला ठाऊक नव्हतं, पण या ट्रामचं घोडं पहिल्यांदा अडलं ते कापसापायी. 1865 साली एका अमेरिकन कंपनीने मुंबईत घोड्यांची ट्राम चालवायचा परवाना मागितला, तो मिळालाही. पण अमेरिकेतलं यादवी युद्ध नेमकं त्याच वर्षी संपलं. त्या युद्धामुळे इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. तो गडगडला, त्याबरोबर शेअरचा फुगा फुटला, पेढ्या बुडाल्या. ट्राम कागदावर राहिली ती 9 मे 1874 पर्यंत. त्या दिवशी दोन मार्ग सुरू झाले: कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणी, आणि बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणी. भाडं तीन आणे आणि तिकीट नाहीच. पैसे द्या, बसा. एकेकाळी शहरात शिरताना लोक पायधुणीला पाय धूत म्हणे. आता तिथे पाय न मळवता पोचता येऊ लागलं. कुलाब्याला आज जिथे इलेक्ट्रिक हाउस आहे तिथे या घोड्यांची पागा होती. वीज कंपनीच्या इमारतीखाली घोड्यांचा तबेला, हा योगायोग मला फार आवडतो.

विजेची ट्राम आली 7 मे 1907 रोजी, दुमजली 1920 मध्ये. आजीची ट्राम ती हीच. तिचा आवाज आजी काढून दाखवायची: ड्रायव्हरने टाचेने दाबलेल्या घंटेचा ठण्‌ ठण्‌, आणि वळणावर चाकांची लांब, दात शिवशिवतील अशी किंचाळी. घरात कोणी फार कटकट केली तर ती म्हणायची, "पुरे, ट्राम वळली."

बस 15 जुलै 1926 रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट धावली. पुढची अडतीस वर्षं दोघी एकाच रस्त्यावर नांदल्या, सवतींसारख्या. खरं सांगायचं तर बस उजवी होती. ती फुटपाथला लागते. ट्रामसाठी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभं राहावं लागे. समोर हातगाडी मोडून पडली तर बस वळसा घालून जाते. ट्राम थांबते, आणि तिच्यामागे सगळ्या ट्रामा मुकाट्याने थांबतात. रस्त्यावर मोटारी वाढल्या तशी ही अडचण मोठी होत गेली. 1953 पासून एकेक मार्ग बंद होऊ लागला. मधे 1962 साली तारेवरची, पण रुळांविना चालणारी ट्रॉलीबसही आली, ती नऊ वर्षांत गेली.

शेवटची ट्राम 31 मार्च 1964 च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेली, खच्चून भरून. तारीख पाहून हसू येतं. मार्चअखेर! महापालिकेच्या वाहतूक उपक्रमाने हिशेबाच्या वह्यांबरोबर ट्रामही मिटवली. आजी त्या गर्दीत नव्हती. "मेलेल्याला बघायला मी जात नाही," म्हणाली. पण त्यानंतर कितीतरी दिवस ती बसच्या थांब्यावर उभी राहून आधी रस्त्याकडे, खाली, रूळ शोधत बघायची. बसवर तिचा विश्वास नव्हता तो याच कारणाने: "तिला कुठेही वळता येतं. आज इथून जाते, उद्या गेली नाही तर?" आम्ही तिला हसायचो. परवा आमच्या कोपऱ्यावरचा थांबा एका रात्रीत शंभर पावलं पुढे गेला. सकाळी सगळे जुन्या जागी उभे, आणि बस पुढे निघून गेलेली. तेव्हा मला हसू आलं नाही.

काही वर्षांपूर्वी हुतात्मा चौकात फ्लोरा फाउंटनभोवती खोदकाम करताना डांबराखाली ट्रामचे रूळ निघाले. बातमी वाचून मी मुद्दाम गेलो. दगडी फरशीत बसलेल्या, गंजून तपकिरी झालेल्या दोन पट्ट्या. रुळाची खाच बोटभर रुंद, मातीने गच्च भरलेली. एका कामगाराने तिच्यात विडीचं थोटूक दाबून विझवलं आणि तो पुन्हा कामाला लागला.

परवा पुन्हा तीच बस, तोच पूल. "टीटी!" या खेपेला मी कंडक्टरलाच विचारलं, "मास्तर, टीटी म्हणजे काय हो?" त्याने सुटे पैसे मोजता मोजता वर पाहिलं. "टीटी म्हणजे टीटी," तो म्हणाला. "उतरायचंय ना? मग पुढे चला."