करी रोडला उतरलेली बेरीज

चिंचपोकळीच्या आमच्या चाळीत कुणाचे काही अडले, की शिक्षकाचे दार वाजते. त्याचा विषय कोणता, हा प्रश्न गौण ठरतो. मी मराठी शिकवतो. तरीही अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाची शेजारची मुलगी ‘सी’ भाषेतला प्रोग्रॅम घेऊन माझ्याकडे आली. विद्यार्थिदशेत मीही ती भाषा थोडीफार शिकलो होतो, हे तिला कुठूनसे कळले होते.

काम साधे होते. पाच विषयांचे गुण एका ‘अ‍ॅरे’त, म्हणजे ओळीने मांडलेल्या पाच खणांत ठेवायचे आणि ‘फॉर’ लूप फिरवून त्यांची बेरीज करायची. “काका, घरी उत्तर बरोबर येतं, कॉलेजात भलतंच येतं,” ती म्हणाली, आणि जरा थांबून, “मला हे जमणारच नाही बहुतेक.”

मोजणी शून्यापासून सुरू होत होती आणि अट होती ‘पाचपेक्षा लहान किंवा पाचइतका’. मी बरोबरीचे चिन्ह खोडले. उत्तर जुळले. ती आनंदाने गेली आणि दोन दिवसांनी दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये तीच चूक घेऊन परतली.

तेव्हा जाणवले, की एक चूक तिची होती, तशी दुसरी माझी. निबंधाच्या वहीत लाल शाईने शुद्ध रूप लिहून पुढे जाण्याची सवय मी इथेही आणली होती. चूक दुरुस्त झाली होती. ती का झाली, हे तिला कळलेच नव्हते.

या वेळी आम्ही संगणक बंद करून कागद घेतला. मुंबईच्या टोकापासून धिम्या गाडीची स्थानके लिही, म्हटले. तिने लिहिले : छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, मशीद, सँडहर्स्ट रोड, भायखळा, चिंचपोकळी. स्थानके पाच. “आणि गाडी सुटल्यापासून टप्पे किती?” चार. तिचे बोट कागदावर थबकले. सीमध्ये खणाचा क्रमांक हा टप्पाच असतो : आरंभापासून किती खण पुढे. पहिला खण शून्यावर, पाचवा चारवर. “म्हणजे मी करी रोडला उतरत होते!” ती म्हणाली.

डेनिस रिची यांनी १९७२च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये घडवलेली ही भाषा खणांची हद्द स्वतःहून तपासत नाही. पाचव्या खणापुढच्या जागेत जे काही पडलेले असेल, तेही निमूटपणे बेरजेत धरले जाते. घरी तिथे शून्य असावे, कॉलेजात दुसरेच काही. म्हणजे घरचे बरोबर उत्तरही योगायोगाचेच होते.

ही चूक मंदबुद्धीची नव्हे, हे तिला सांगणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. सात दिवसांना आपण आठवडा म्हणतो. सोमवारी भेटलेल्याला पुढच्या सोमवारी बोलवायचे, तर ‘आठ दिवसांनी ये’ म्हणतो. दोन्ही टोके धरणारी ही मोजणी आपल्या जिभेवर रुळलेली आहे. तीही खरी आणि शून्यापासूनचीही खरी. घोटाळा होतो तो एका मोजणीने निघून दुसरीने थांबल्यामुळे.

मग आम्ही तीन रकाने आखले : फेरी, क्रमांक, बेरीज. दर फेरीला लिहिले आहे तेवढेच करायचे. मनात काय होते, ते धरायचे नाही. कविता शिकवताना मी वर्गात हाच आग्रह धरतो, पण स्वतःच्या लेखनाकडे असे पाहायला मी कुणाला शिकवले नव्हते.

पुढच्या आठवड्यात ती पुन्हा आली, ती स्वतःच शोधलेली नवी चूक सांगायला. ‘फॉर’च्या कंसानंतर चुकून अर्धविराम पडला होता, लूप रिकामाच फिरत होता आणि बेरीज शेवटी एकदाच होत होती.

त्या रात्री वह्या तपासताना एका फसलेल्या वाक्याखाली मी फक्त रेघ ओढली आणि समासात लिहिले : ‘हे मोठ्याने वाच.’