ऐकू येतं, पण कळत नाही

उर्दूत ‘कान बजना’ असा वाक्प्रचार आहे. कुणी हाक मारलेली नसताना हाक ऐकू आली, की घरातली मोठी माणसं म्हणतात, ‘तुम्हारे कान बज रहे हैं.’ म्हणजे भास झाला. माझे कान मात्र खरोखर वाजतात. गेली तीन वर्षं दोन्ही कानांत रातकिड्यांसारखी बारीक किर्रकिर्र चालू आहे. दिवसा कामाच्या रगाड्यात तिचा विसर पडतो. इशाची नमाज झाली, घर निजलं, की ती खोलीभर पसरते. डॉक्टर तिला टिनिटस म्हणतात, आयुर्वेदात कर्णनाद हा शब्द आहे.

नुसती किर्रकिर्र मी सोसली असती. पण तिच्याबरोबर दुसरी अडचण आली. वर्गात पन्नास मुलं, डोक्यावर पंखा, खिडकीबाहेर रिक्षा, शेजारच्या वर्गात पाढे. मागच्या बाकावरची मुलगी उत्तर देते तेव्हा तिचा आवाज पोहोचतो, शब्द पोहोचत नाही. ‘सात’ म्हणाली की ‘साथ’? उर्दू शिकवणाऱ्या बाईला एवढा फरक कळायलाच हवा. घरी मिक्सर चालू असताना लेक काही विचारते. मी दोनदा ‘काय?’ म्हटलं की ती ‘जाऊ दे अम्मी’ म्हणून निघून जाते. हे ‘जाऊ दे’ किर्रकिर्रीपेक्षा जास्त लागतं.

कानाची तपासणी केली. बंद खोलीत, कानाला हेडफोन लावून, बारीक ‘टीं’ ऐकू आलं की बटण दाबायचं. रिपोर्ट नॉर्मल आला. घरच्यांनी अल्हमदुलिल्लाह म्हटलं, मीही म्हटलं. पण मग प्रश्न सुरू झाले: ‘कान चांगले आहेत, मग लक्ष कुठं असतं तुझं?’ एका नातेवाईक बाईंनी तर नोकरी सोडण्याचा सल्ला दिला.

मग मी वाचायला घेतलं. ही तपासणी साधारण २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचे सूर शांततेत किती हळू ऐकू येतात, एवढंच मोजते. गोंगाटातून बोलणं निवडता येतं का, हे त्यात कळत नाही. त्यासाठी गोंगाटात शब्द ऐकवण्याची वेगळी चाचणी असते. २००९ मध्ये शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन या अमेरिकन संशोधकांना उंदरांमध्ये दिसलं, की मोठ्या आवाजानंतर ऐकण्याची पातळी पूर्ववत होते, पण कानातल्या पेशी आणि श्रवणाची नस यांच्यातले कितीतरी सांधे कायमचे तुटलेले असतात. २०११ मध्ये लंडनच्या संशोधकांना, रिपोर्ट नॉर्मल असलेल्या पण कान वाजणाऱ्या महिलांमध्ये या नसेचा पहिला प्रतिसाद क्षीण आढळला. माणसांत नेमकं किती नुकसान होतं, यावर अजून अभ्यास चालू आहे. शिवाय कानातल्या आवाजाकडे मनाचा एक कोपरा सतत गुंतलेला असतो. संध्याकाळी येणारा थकवा त्याचाच.

आपण कोल्हापूरकर मुळातच मोठ्यानं बोलणारे. समोरच्याला कळलं नाही, की आवाज आणखी चढवतो. त्यानं फारसं साधत नाही. स्वर दणदणीत असतात, ते पोहोचतातच. अर्थ ठरवतात ती स, श, फ, थ अशी नाजूक व्यंजनं, आणि गोंगाट आधी त्यांनाच गिळतो. म्हणून आमच्या घरी आता ठरलं आहे: आधी नाव घ्यायचं, समोर येऊन बोलायचं, मिक्सर-टीव्ही बंद करायचा, आणि कळलं नाही तर तेच वाक्य वेगळ्या शब्दांत सांगायचं. वर्गात मी उत्तर देणाऱ्या मुलाजवळ चालत जाते. रात्री पंख्याचा मंद आवाज असला की झोप लागते. किर्रकिर्र हमखास थांबवणारी गोळी नाही. तशी जाहिरात दिसली तर पैसे जपा. मात्र एकाच कानात आवाज येत असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर वाजत असेल, चक्कर येत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. ऐकणं अचानक कमी झालं तर त्याच दिवशी जा.

माझे कान कशानं बिघडले, हे मला ठाऊक नाही. पण मुलांचे कान जपणं आपल्या हाती आहे. मोठ्या माणसांसाठी जागतिक आरोग्य संघटना ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंतच सुरक्षित मानते. आवाज चढला की ही मुदत झपाट्यानं घटते. आपल्या लग्नाच्या वरातीत, मिरवणुकीत, भिंतीसारख्या रचलेल्या स्पीकरपुढं आपण कडेवरची बाळं घेऊन उभे असतो. तिथून निदान मागं सरकू या.

आणि घरात कुणी वरचेवर ‘काय?’ विचारत असेल, तर रिपोर्ट नॉर्मल असला तरी त्याला बेफिकीर ठरवू नका. दुसऱ्यांदा सांगायला असा किती वेळ लागतो?