बर्फाची वाट बघणारी माणसं

गेल्या शनिवारी कपाट आवरायला घेतलं आणि जुन्या जाडजूड जॅकेटच्या खिशातून एक खिळा निघाला. बोटाच्या पेराएवढा, बुडाला जाड, टोकाला बोथट. बायको म्हणाली, "फेकू का?" म्हटलं थांब, त्याची एक गोष्ट आहे. तिनं ती चार वेळा ऐकलीय, त्यामुळे ती लगेच स्वयंपाकघरात गेली. म्हणून आता तुम्हाला सांगतो.

फेब्रुवारी 2020. मी तेव्हा स्टॉकहोमला ऑनसाइट होतो. (कोरोना हा शब्द अजून बातम्यांतच होता, आपल्या दाराशी आला नव्हता.) टीममधला एक स्वीडिश पोरगा वर्मलांड भागातला. तो म्हणाला, "वीकेंडला गावी चाललोय, आमच्याकडे रॅली आहे, येतोस?" रॅली म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर झेंडे, टेम्पो आणि जीपवर उभे असलेले साहेब आले. माणूस देवणीचा, दुसरं काय येणार! तो हसला आणि म्हणाला, गाड्यांची शर्यत, बर्फातली.

तुम्हाला माहीत नसेल तर थोडक्यात सांगतो. ही रॅली 1950 मध्ये सुरू झाली ती चक्क उन्हाळ्यात. 1965 पासून ती हिवाळ्यात घ्यायला लागले, आणि जागतिक रॅली स्पर्धेतली खरीखुरी बर्फातली फेरी म्हणून तिचं नाव झालं. ट्रॅकबिक काही नाही. जंगलातले एरवीचे कच्चे रस्ते बंद करायचे, एकेक गाडी सोडायची आणि घड्याळ लावायचं. शेजारी बसलेला माणूस वहीतून पुढचं वळण मोठ्यानं वाचत असतो, आणि चालवणारा त्याच्या भरवशावर गाडी हाणत असतो. सरासरी वेग ताशी 100 किलोमीटरच्या पुढे. आमच्याकडं उदगीर रस्त्यावर कोरड्या डांबरावर एवढी सरासरी कुणी काढली नसेल.

मला वाटायचं बर्फ म्हणजे अडचण. मित्रानं गाडीत पाच तास माझी शिकवणी घेतली. बर्फ म्हणजेच रस्ता, तो म्हणाला. खाली जमीन गोठून दगड झालेली हवी, तिच्यावर बर्फाचा कडक थर हवा, आणि दोन्ही बाजूंना उपसलेल्या बर्फाचे बांध हवेत. टायर अरुंद असतात, म्हणजे वरचा भुसभुशीत बर्फ कापून खालच्या कडक थरापर्यंत पोचतात. एकेका टायरला साडेतीनशेच्या वर खिळे. ते थरात रुततात, म्हणून पकड मिळते. आणि वळणावर गाडीचं बूड बाहेर जायला लागलं की ड्रायव्हर ते खुशाल बाजूच्या बांधाला टेकवतो आणि पुढे निघतो.

हे ऐकताना मला आमची काळी माती आठवत होती. पाऊस पडल्यावर तिच्यात ट्रॅक्टर फसतो, पण बैलगाडीचं अरुंद चाक, लोखंडी धाव असलेलं, चिखल कापत खालच्या घट्ट जमिनीला जाऊन भिडतं. आणि बैल घसरू नये म्हणून खुरांना पत्री मारतात, तिचे खिळे म्हणजे या टायरच्या खिळ्यांचे चुलतभाऊच की! मित्राला हे समजावून सांगायला पत्रीला इंग्रजीत काय म्हणतात ते शोधत बसलो आणि तेवढ्यात टॉर्स्बी आलं.

आणि टॉर्स्बीत बर्फ नव्हता.

म्हणजे होता, पण सावलीत, झाडांच्या बुडाशी, मळक्या ढिगांत. युरोपातला तो हिवाळा तोपर्यंतच्या नोंदींतला सगळ्यात उबदार ठरला. संयोजकांनी आधीच बरेच टप्पे रद्द केले होते. 300 किलोमीटरच्या आसपासचा मूळ बेत जवळजवळ निम्म्यावर आला होता. जमीन गोठलेली नसली की खिळे थरात रुतण्याऐवजी रस्ताच उकरतात, मुरूम उडतो आणि खिळे स्वतःच उपटून निघतात. माझ्या खिशातला हा त्यातलाच एक, गाड्या गेल्यावर चाकोरीतून उचललेला.

शर्यत झाली तशी. एल्फिन एव्हान्स जिंकला. चिखल आणि बर्फ एकत्र उडवत गाडी समोरून गेली तेव्हा अंगावर काटा आला हे खरं. पण माझ्या लक्षात राहिले ते मित्राचे वडील. सत्तरीचे असतील. सकाळी उठून ते आधी खिडकीबाहेरच्या थर्मामीटरकडे बघायचे, मग आकाशाकडे, मग पुन्हा थर्मामीटरकडे. तोंडानं काही नाही. हे बघणं मी ओळखतो राव. आमच्या घरी मृगापासून हेच चालतं, फक्त थर्मामीटर नसतो.

रात्री अण्णांना फोन केला. सांगितलं की इथं बर्फ नाही म्हणून शर्यत अर्ध्यावर आलीय.

"म्हंजे ह्यांच्याकडं बी दुष्काळ?" अण्णा म्हणाले.

मी हसलो. मग हसू थांबलं, कारण दोघांनाही 2016 आठवलं असणार. त्या एप्रिलात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला 10 वाघिणी, साधारण 5 लाख लिटर. माझ्या हापिसात सगळे मला फोटो दाखवून विचारायचे, "तुमच्याकडे खरंच असं आहे का रे?" आणि त्याच उन्हाळ्यात अण्णांनी बैलजोडी विकली. देवणी जातीची, शेवरा, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेली. आमच्या गावाच्या नावाची जात, आणि आमच्याच दावणीला राहिली नाही. किती आले ते अण्णांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मी पैसे पाठवतो म्हटलं होतं. त्यावर ते एवढंच म्हणाले होते, "पैशानं काय कडबा पिकतो का?"

"मग आता काय करायलेत ते लोकं?" अण्णांनी फोनवर विचारलं.

तेव्हा उत्तर माहीत नव्हतं. नंतर कळलं. 2021 ची रॅली कोरोनामुळे रद्द झाली, आणि 2022 पासून रॅलीनं आपलं बस्तान उमेओला हलवलं, स्टॉकहोमपासून सुमारे 600 किलोमीटर उत्तरेला, जिथं बर्फाचा भरवसा जास्त. वर्मलांडच्या जंगलातले रस्ते तिथंच राहिले. मित्राच्या वडिलांनी कित्येक वर्षं रॅलीच्या दिवसांत अंगणात शेकोटी करून लोकांना कॉफी पाजली होती, असं तो सांगायचा. आता ते टीव्हीवर बघतात.

परवा वेळा अमावस्येला गावी गेलो होतो तेव्हा हा सगळा पुढचा भाग अण्णांना सांगितला. शेतात ज्वारीच्या कडेला बसलो होतो. भज्जी झाली, अंबील झाली. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बरं हाय त्यांचं," ते म्हणाले. "शर्यत उचलून नेता येती."

मग हातातला अंबिलीचा गडू बाजूला ठेवून उठले आणि विहिरीत डोकावून आले. पाणी किती आहे ते बघायला. सकाळीच एकदा बघून आले होते.

तर खिळा फेकलेला नाही. पुढच्या खेपेला अण्णांना नेऊन देणार आहे. दावणीचा खुंटा अजून तसाच आहे, त्याच्या शेजारी कोनाड्यात जुन्या पत्र्या ठेवलेल्या आहेत. तिथं शोभेल.