ताबो: बॅटरी बसल्यावर

गाडी पूर्ण निपचित पडते तेव्हा कारण दोनपैकी एक असते: वीज संपलेली असते, नाहीतर वीज अडलेली असते. पहिल्या प्रकारात बॅटरीतच काही उरलेले नसते. दुसऱ्यात बॅटरीत वीज असते, पण ती टर्मिनलपाशी, मुख्य फ्यूजपाशी किंवा अर्थिंगच्या तारेपाशी थांबलेली असते. बाहेरून दोन्हींची लक्षणे सारखी दिसतात, आणि म्हणूनच पहिला अर्धा तास अंदाज बांधण्यात वाया जातो. स्पिती खोऱ्यातल्या ताबो गावात, सुमारे ३,२८० मीटर उंचीवर, ऑक्टोबरच्या अखेरीस आमच्या गाडीत हे दोन्ही दोष एकत्र निघाले. आधी सतलजच्या, मग स्पिती नदीच्या काठाकाठाने रामपूर, कल्पा, नाको हे टप्पे विनासायास पार पडले होते. सांगण्यासारखी आहे ती ताबोची सकाळ.

विजेवर चालणारी बहुतेक दारे यांत्रिक मार्गानेही उघडता येतात. बॅटरी गेल्यावर रिमोट दाबून काही होत नाही. पण रिमोटच्या पोटात किंवा किल्लीलाच धातूचे पाते असते आणि चालकाच्या दाराला त्याचे भोक असते. काही गाड्यांत ते हँडलच्या टोपणाखाली लपवलेले असते. बोनेट केबलच्या ओढीवर उघडते, त्याला विजेची गरज नसते. काचा मात्र आहेत तिथेच राहतात. त्या सकाळी काचांवर आतून हिमाची जाळी धरली होती, दार किल्लीने उघडले, छताचा दिवा लागला नाही, किल्ली फिरवल्यावर डॅशबोर्डवर एकही खूण उमटली नाही, हॉर्नही मुका.

या शांततेलाही अर्थ असतो. सेल्फ मारल्यावर टक-टक असा आवाज येत असेल आणि दिवे मंदावत असतील, तर बॅटरीत थोडा जीव आहे, पण स्टार्टर फिरवण्याइतका नाही. स्टार्टरला सुरुवातीच्या क्षणी शंभर ते दोनशे अँपिअर किंवा त्याहूनही जास्त प्रवाह लागतो. छताच्या दिव्याला अर्धा अँपिअरही पुरतो. दिवे झगझगीत आहेत आणि सेल्फ गप्प आहे, तर दोष स्टार्टरमध्ये, त्याच्या रिलेमध्ये किंवा किल्लीच्या स्विचमध्ये शोधायचा. आणि छताचा दिवाही लागत नसेल, तर जोड सुटला आहे किंवा बॅटरी तळाला गेली आहे. अशा वेळी किल्ली पुन्हापुन्हा फिरवण्यात अर्थ नसतो. पाना हातात घ्यावा.

डोंगरात अशा वेळी जमणारे लोक दोष उंचीला देतात. विरळ हवेने माणसाला धाप लागते आणि इंजिनाची ताकद कमी होते, हे खरे. बॅटरीचे वैर मात्र थंडीशी आहे. शिसे आणि गंधकाम्ल यांच्यातली रासायनिक क्रिया थंडीत मंदावते. शून्य अंशाच्या आसपास बॅटरीची ताकद साधारण पाव हिश्शाने घटते आणि उणे अठरा अंशांवर निम्म्याजवळ येते. त्याच वेळी इंजिनातले ऑइल दाट झालेले असते, म्हणजे फिरवायला जोर जास्त लागतो. पुण्याच्या हवेत आणखी सहा महिने निभावली असती अशी जुनी बॅटरी स्पितीच्या एका रात्रीत बसते ती यामुळे. दुसरा धोका गोठण्याचा. पूर्ण भरलेल्या बॅटरीतले ॲसिड उणे पन्नास अंशांपर्यंत गोठत नाही. रिकाम्या बॅटरीत ते बरेचसे पाणीच झालेले असते आणि उणे दहाच्या आसपास बर्फ धरू शकते. बॅटरीची पेटी फुगलेली किंवा तडकलेली दिसली, तर तिला वीज जोडू नये. आमची पेटी सरळ होती.

तपासणीची सुरुवात टर्मिनलपासून होते, कारण दोष सापडण्याची शक्यता तिथे सर्वांत जास्त आणि खर्च काहीच नाही. चांगल्या स्थितीतल्या बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात. पूर्ण भरल्यावर, गाडी बंद असताना, मल्टिमीटर १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवतो. १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली ती रिकामी समजावी. मीटरच्या दोन काड्या बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर टेकवल्या तेव्हा आकडा आला ११.५. एक काडी तिथेच ठेवून दुसरी बोटभर सरकवली आणि निगेटिव्हच्या खुंटीऐवजी तिला कवटाळणाऱ्या क्लँपवर टेकवली, तर आकडा जवळजवळ शून्यावर आला. खुंटी आणि क्लँप यांच्यामध्ये पांढऱ्या बुऱ्याचा थर होता आणि क्लँप हाताने हलत होता. नाकोजवळच्या मलिंग नाल्यापासून पुढचा रस्ता खडी आणि खळग्यांचा आहे. तिथल्या हादऱ्यांनी नट ढिला झाला असावा. वीज बोटभर अंतरात अडली होती.

या जोडाला दहा नंबरचा पाना लागतो. आधी निगेटिव्ह सोडायचा आणि जोडताना तो शेवटी लावायचा. पॉझिटिव्हवर पाना असताना त्याचे दुसरे टोक बॉडीला टेकले आणि निगेटिव्ह जोडलेला असला, तर बॅटरीचा सगळा प्रवाह त्या पान्यातून जातो, ठिणगी उडते आणि हात भाजतो. राहण्याच्या जागेतल्या स्वयंपाकघरातून गरम पाण्याची किटली आली. पाणी ओतल्याबरोबर बुरा विरघळला. मग फडक्याने कोरडे करून खुंटी आणि क्लँपची आतली बाजू पॉलिश पेपरने घासली. शिसे चकाकल्यावर क्लँप दाबून बसवला आणि नट आवळला. आता मीटर दोन्ही ठिकाणी सारखाच आकडा दाखवू लागला आणि छताचा दिवा पिवळट, अशक्त का होईना, लागला. हेडलाइट लावताच आकडा नवाखाली घसरला. याचा अर्थ स्पष्ट होता: अडलेली वीज मोकळी झाली, पण ती संपतही आली होती.

जोड घट्ट असूनही गाडीत काहीच लागत नसेल, तर पुढची पायरी मुख्य फ्यूजची. पॉझिटिव्ह टर्मिनलजवळच्या पेटीत तो असतो आणि चुकीच्या जोडणीने बहुधा तोच आधी जळतो. त्यानंतर बॅटरीपासून बॉडीला आणि बॉडीपासून इंजिनाला जाणारी अर्थिंगची पट्टी तपासायची. आमच्याकडे दोन्ही शाबूत होते.

गावकऱ्यांनी धक्का मारायची तयारी दाखवली. ताबोची माणसे अशी आहेत की विचारण्याआधी चार हात गाडीला लागतात. पण धक्कास्टार्टची विद्या आता सर्व गाड्यांना लागू नाही. १९१२ मध्ये चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा सेल्फ-स्टार्टर कॅडिलॅक गाडीत आला. त्याआधी इंजिन हाताने हँडल मारून फिरवत, आणि आपल्याकडे ॲम्बेसेडरच्या डिकीतही ते हँडल पुढे कितीतरी वर्षे असे. त्या इंजिनांना फिरण्याची गती मिळाली आणि ठिणगीपुरती वीज उरली की ती पेटत. आजच्या गाडीत इंधन पंप, इंजेक्टर आणि सगळे नियंत्रण करणारा संगणक विजेवर चालतात. व्होल्टेज फार पडले की संगणक काम थांबवतो. शिवाय अल्टरनेटरला स्वतः वीज तयार करायला लागण्यासाठी थोडी वीज आधी द्यावी लागते. म्हणून थोड्या बसलेल्या बॅटरीवर मॅन्युअल गाडी दुसऱ्या गिअरमध्ये धक्क्याने सुरू होऊ शकते, तळाला गेलेल्या बॅटरीवर बहुधा होत नाही, आणि ऑटोमॅटिक गिअरची गाडी तर अशी सुरू करताच येत नाही.

उरतो तो दुसऱ्याच्या बॅटरीचा आधार. त्या सकाळी गावात चालू स्थितीतले वाहन एकच होते: सफरचंदाच्या पेट्या भरत असलेला ट्रक. ताबोला सफरचंदाच्या बागा आहेत आणि ऑक्टोबरात तिथला माल खाली मैदानाकडे निघतो. जंपर केबल आमच्याकडे होती. ड्रायव्हरने ती हातात घेतली, तारांची जाडी बोटांनी चाचपली आणि पहिले वाक्य बोलला ते हे: “चौबीस वोल्ट है, सीधा मत लगाना.”

या एका वाक्यात गाडी वाचते. मोठ्या ट्रकमध्ये बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागून एक जोडलेल्या असतात आणि त्यांची बेरीज चोवीस व्होल्ट होते. ती बेरीज कारला जोडली, तर संगणक, दिवे, अल्टरनेटर यांचे नुकसान क्षणात होते. घाटात मदतीला बहुतेक वेळा ट्रकच भेटतो, म्हणून ही गोष्ट डोंगरात जाणाऱ्याला पाठ हवी. माल भरून होईपर्यंत थांबा, असे त्याने सांगितले.

तो वेळ ताबोच्या मठात गेला. मातीच्या भिंतींचा हा मठ इ. स. ९९६ मधला, शेचाळीस वर्षांनी, १०४२ मध्ये, त्याचा जीर्णोद्धार झाल्याचा लेख आतच आहे. १९७५ च्या किन्नौर भूकंपाने त्याला इजा केली, पण तो उभा राहिला. मुख्य सभागृहात मुद्दाम अंधार राखलेला आहे, कारण भित्तिचित्रांचे रंग उजेडाने उडतात. डोळे सरावायला वेळ लागतो, मग भिंतीतून पुढे आलेल्या मातीच्या देवता एकेक करून दिसू लागतात. हिमालयात पाहिलेल्या कुठल्याही सोनेरी, नव्याने रंगवलेल्या मठापेक्षा हे सभागृह श्रेष्ठ आहे.

पेट्या भरून झाल्यावर ड्रायव्हरने ट्रक आमच्या गाडीजवळ आणला आणि इंजिन बंद केले. चॅसीच्या बाजूला लोखंडी खोक्यात दोन बॅटऱ्या होत्या. त्याने एकेक जाड तार हाताने धरून तिच्या टोकापर्यंत नेली: ही दोन बॅटऱ्यांना जोडणारी, ही स्टार्टरकडे जाणारी, आणि ही चॅसीला बोल्टने आवळलेली. जिचा निगेटिव्ह चॅसीला गेला आहे तीच बॅटरी घ्यायची आणि तिच्याच दोन खुंट्यांमधली वीज वापरायची. मीटर लावून पाहिला, १२.७ होते. “अब ठीक है,” तो म्हणाला आणि मगच केबल पुढे केली.

जोडण्याचा क्रम ठरलेला आहे आणि त्यामागे कारण आहे. लाल केबलचे एक टोक बसलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरे चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला. काळ्याचे एक टोक चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि शेवटचे टोक बसलेल्या गाडीच्या इंजिनावरच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर. शेवटच्या जोडाला ठिणगी पडते आणि बॅटरीतून हायड्रोजन बाहेर येत असतो. हवेत चार टक्के हायड्रोजन झाला तरी तो पेट घेतो. जोडल्यावर लगेच सेल्फ मारायचा नाही. गाडीतले सर्व दिवे आणि पंखा बंद ठेवून दहा मिनिटे थांबले, की बसलेल्या बॅटरीत थोडी वीज शिरते आणि केबलवरचा ताण हलका होतो. ती दहा मिनिटे ड्रायव्हर केबलच्या चिमट्यावर तळहात ठेवून उभा होता, कारण चिमटा गरम होणे म्हणजे जोड कच्चा असणे. मग किल्ली. सेल्फ दहा सेकंदांहून जास्त मारायचा नाही, मध्ये विश्रांती द्यायची. दुसऱ्या प्रयत्नात इंजिन पेटले. केबल उलट्या क्रमाने काढली. पैसे त्याने घेतले नाहीत. चहा घेतला, आणि ट्रक किन्नौरच्या दिशेने निघून गेला.

इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले, तर अल्टरनेटर काम करतो आहे. आमच्याकडे १४.२ दिसले. त्यापेक्षा बरेच कमी दिसले असते, तर दोष बॅटरीपेक्षा चार्जिंगमध्ये शोधावा लागला असता. सुरू झालेली गाडी पुढचा तासभर बंद करायची नाही. काझा तिथून पन्नास किलोमीटरच्या आत आहे आणि स्पितीच्या रस्त्यावर तेवढ्याला तास-दीड तास सहज लागतो. पण पूर्ण रिकामी बॅटरी भरणे हे अल्टरनेटरचे काम नव्हे. तिला चार्जरवर, क्षमतेच्या एक दशांश प्रवाहाने, म्हणजे ४५ अँपिअर-तासांच्या बॅटरीला साडेचार अँपिअरने, रात्रभर भरावे लागते.

काझाच्या मेस्त्रीने बॅटरीची झाकणे काढून हायड्रोमीटरने प्रत्येक सेलचे ॲसिड तपासले. पाच सेल एकमेकांच्या जवळपास, सहावा खूप खाली. असा सेल आतून झिजलेला असतो. चार्जिंगने तो परत येत नाही आणि भरलेल्या बॅटरीलाही रात्रीत खाली आणतो. ढिल्या क्लँपमुळे आदल्या दिवशी चार्जिंग अर्धवट झाले, थंडीने ताकद घटवली आणि झिजलेल्या सेलने उरलेले काम केले. नवी बॅटरी काझातच मिळाली. त्यानंतरचा की, किब्बर, धनकर या गावांचा आणि आल्या वाटेने परतीचा सगळा प्रवास बिनघोर झाला.

गाडीची बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षे टिकते. तिचे वय तीनच्या पुढे गेले असेल, तर थंड प्रदेशात निघण्यापूर्वी लोड टेस्ट करून घ्यावी, टर्मिनल घासून त्यांवर ग्रीसचा पातळ थर द्यावा, आणि जाड तारांची जंपर केबल, दहा नंबरचा पाना, पॉलिश पेपर व मीटर बरोबर ठेवावा. एवढे हाताशी असले की वीज अडली आहे की संपली आहे हे पाच मिनिटांत कळते. अडली असेल तर ती स्वतःच्या हाताने मोकळी करता येते. संपली असेल तर दुसऱ्याची बॅटरी लागते, आणि ती किती व्होल्टची आहे हे जोडण्याआधी विचारावे.