डाव्या खांद्याची बंदूक

निजामपुऱ्यांत राहणाऱ्या मनुष्याला यंत्रमागांच्या खडखडाटाची इतकी संवय होते कीं, वीज गेली म्हणजे त्याची झोंप मोडते. अशाच एका निःशब्द दुपारीं आमच्या गल्लींतील एका जॉबरचा मुलगा कागदाची सुरळी घेऊन आमच्याकडे आला. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेला हा मुलगा मागाचाच कांहीं सुटा भाग दाखवील अशी आमची अपेक्षा, निघाली बंदूक! "सर, पुण्याच्या आर्डेत उमेदवारीसाठीं अर्ज करतोंय. शिफारसपत्र द्याल का?" आर्डे म्हणजे पाषाण येथील शस्त्रास्त्र-संशोधनसंस्था. १९५८ सालीं ती निघाली आणि आपल्या सैन्याची 'इन्सास' रायफल तिनेंच आंखली.

आम्ही पडलों काव्य शिकविणारे. माणूस मारण्याच्या यंत्राची शिफारस आमच्या लेखणीनें करावी काय? हा प्रश्न टाळण्यासाठीं आम्ही दुसराच विचारला. प्राध्यापकांची ही जुनी खोड आहे. "अरे, हिचा चाप इतका पुढें कां?"

मुलगा खुलला. साध्या रायफलींत काडतुसांची पेटी व झाडण्याची यंत्रणा चापाच्या पुढें असते. मागचा दस्ता केवळ खांद्याला टेंकण्यापुरता. 'बुलपप' घडणींत ती सारी यंत्रणा दस्त्यांत सरकवितात. नळी आंखूड केली तर गोळीचा वेग घटतो; येथें नळी तेवढीच राहून बंदूक तेवढी आंखूड होते. युक्ति नवी नव्हे. इंग्लंडांतील थॉर्नीक्रॉफ्टची कार्बाइन १९०१ सालची. १९५१ सालीं तेथें 'ईएम-२' नांवाची अशीच रायफल सैन्यासाठीं मुक्रर झाली. पण त्याच वर्षीं सरकार बदललें, काडतुसाच्या मापावरून अमेरिकेशीं मतभेद होताच, आणि ती मागें पडली. आपण २००२ सालीं इस्रायलकडून 'टाव्होर' मागविल्या, त्याही ह्याच जातीच्या.

"पण सर, ह्यांत एक खोट आहे." रिकामी पुंगळी उजवीकडून बाहेर उडते, आणि बुलपपमध्यें ती खिडकी नेमकी गालापाशीं येते. बंदूक डाव्या खांद्याला लावणाराच्या तोंडावरच ती तापलेली पुंगळी बसावयाची. ब्रिटिशांची १९८५ ची रायफल तर उजव्या खांद्यावरूनच झाडतां येते. भिंतीच्या डाव्या कडेनें डोकावतांना उजव्या शिपायालाही त्यामुळें अधिक अंग उघडें टाकावें लागतें.

आम्ही एकदम गप्प झालों. आम्ही जन्माचे डावखुरे. शाळेंत छडीनें आमचा हात बदलला. पुढें छात्रसेनेच्या शिबिरांत दुसरा खांदा बदलवूं लागले. पांच गोळ्या झाडल्या. निशाणाच्या कागदाला एकही लागली नाहीं, आणि सारी तुकडी हंसली. चाळीस वर्षें होत आलीं. तें हंसूं अजून कानांत आहे.

मुलाच्या आराखड्यांत पुंगळी गालाकडे न जातां नळीशेजारच्या मार्गानें पुढें जाऊन पडत होती. बेल्जियमच्या 'एफ-२०००' रायफलींत असें पूर्वींच केलें आहे, हें त्यानें प्रामाणिकपणें सांगितलें. आर्डेनें आपल्या कार्बाइनची लांबी कमी करण्यास निराळी वाट धरली: काडतुसांची पेटी मुठींतच बसविली. तीन किलोंचें तें शस्त्र एका हातानेंही झाडतां येतें, असें २०२० सालीं जाहीर झालें. "कोणत्या हातानें?" आम्ही विचारलें. मुलगा हंसला. पेन्सिल त्याच्या डाव्या हातांत होती, हें आमच्या ध्यानांत तेव्हां आलें.

सायंकाळीं त्याचे वडील भेटले. "त्यांत काय नवल, सर? मागसुद्धां डावे नि उजवे असतात. दोन्ही समोरासमोर लावायचे, म्हणजे मधल्या कामगाराला दोन्ही मुठी हाताशीं येतात. कारखानदाराला कळतं तें बंदूकवाल्याला कां कळूं नये?"

यंत्र मारण्यासाठींच आहे, ही टोंचणी ह्या बोलण्यानें गेली नाहीं. तरी रात्रीं पत्र लिहिलें. सही उजव्याच हातानें केली. डाव्यानें ती आतां आम्हांस येत नाहीं.