न दिसणारं लोह

बाजरीच्या पैदासकाराला खळ्यावर सगळ्यात जास्त धास्ती असते ती धुळीची. दाण्यातलं लोह आम्ही पीपीएममध्ये, म्हणजे किलोमागे मिलिग्रॅममध्ये मोजतो आणि चिमूटभर माती दाण्याला चिकटली की आकडा उगाच फुगतो. म्हणून नमुन्याची कणसं जमिनीला टेकू द्यायची नाहीत, स्वच्छ कापडी पिशवीत घालून झोडायची, मळणीयंत्राचं तर नावच काढायचं नाही. प्रयोगशाळेत लोहाबरोबर ॲल्युमिनियमही तपासतात. ते दाण्यात जवळपास नसतंच, मातीत मात्र भरपूर. ते वाढलेलं दिसलं की नमुना बाद. इतकं सोवळं आता देवघरातही कोणी पाळत नसेल!

आणि हा सगळा खटाटोप कशासाठी, तर कोणालाच न दिसणाऱ्या गुणासाठी. गिऱ्हाईक टपोरा दाणा पाहतं, शेतकरी भरलेलं कणीस आणि जनावरांची वैरण पाहतो. लोह जास्त आहे म्हणून आडतीवर कोणी क्विंटलमागे रुपया वाढवून देत नाही. त्यामुळे निव्वळ पोषणाच्या नावावर बियाणं खपवायला जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

जास्त लोहाची 'धनशक्ती' बाजरी चालली ती याच कारणाने. इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन संस्था आणि राहुरीचं कृषी विद्यापीठ यांच्या कामातून आलेला हा वाण २०१२ मध्ये महाराष्ट्रासाठी प्रसारित झाला. लोह ७१ पीपीएमच्या आसपास. त्याचा मूळ वाण, आयसीटीपी ८२०३, मात्र १९८८ पासूनचा. त्याचं मूळ आफ्रिकेतल्या टोगोच्या इनियादी बाजरीत. टपोरा दाणा, लवकर येणारं पीक आणि गोसावी रोगाला सहसा बळी न पडणं, हे शेतकऱ्याने आधीच पारखलेलं होतं. त्याच वाणातली जास्त लोहाची रोपं निवडून पुढे नेली.

गोसावी ज्याने पाहिलाय तो विसरत नाही. कणसात दाण्याऐवजी हिरव्या पानांच्या जटा फुटतात. देशातला बाजरीचा पहिला संकरित वाण एचबी-१ हा १९६५ चा. पुढच्या दशकात या रोगाने त्या पिढीच्या संकरित वाणांची दाणादाण उडवली. जे पीक रोगातून तगत नाही, त्यातल्या लोहाचं करायचं काय?

बरं, हे लोह अंगी लागतं का? अहिल्यानगर जिल्ह्यात १२ ते १६ वर्षांच्या शाळकरी मुलांना दोन्ही जेवणांत जास्त लोहाच्या बाजरीची भाकरी दिली गेली. चार महिन्यांत त्यांच्या शरीरातला लोहाचा साठा वाढला. २०१५ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

माझ्या मते खरी कलाटणी मिळाली ती २०१८ च्या सुमारास. बाजरीच्या नव्या वाणात किमान ४२ पीपीएम लोह आणि ३२ पीपीएम जस्त असलंच पाहिजे, अशी अट घातली गेली. आता शेतकरी उत्पादन पाहून बियाणं घेतो, लोह त्याच पिशवीतून आपसूक येतं.

अडलंय ते पिठापाशी. बाजरीत स्निग्धांश मोठा, त्यामुळे दळलेलं पीठ काही दिवसांतच कडवट होतं. अंकुर काढून टाकला तर पीठ टिकतं, पण अंकुराबरोबर लोहाचा चांगलाच वाटा जातो. गावात दर आठवड्याला गिरणीत डबा जातो, तिथे हा प्रश्न फारसा नाही. शहरातल्या दुकानांना मात्र महिनोन्‌महिने टिकणारं पाकीट हवं असतं. म्हणून स्निग्धांश फोडणारं लायपेज ज्यांच्यात कमी आहे, अशा पैदाशीच्या ओळी आम्ही सध्या शोधतो आहोत.