खुब्याचं ऑपरेशन आणि वहीत न लिहिलेला खर्च



गेल्या वर्षी माझा खुबा बदलला. दोन महिने आधी आमच्या वन्संचाही बदलला होता. त्या नंतर चौदा दिवस पुनर्वसन केंद्रात राहिल्या. मी चौथ्या दिवशी घरी आले. "घर असताना एवढे पैसे कशाला?" असं मी वन्संना बोलूनही दाखवलं होतं.

बी.कॉम.ची सवय, म्हणून वहीत हिशेब मांडला. वन्संचे केंद्राचे 77,000 रुपये. तिथे कंदमुळाविना, सूर्यास्तापूर्वी जेवण मिळेना म्हणून डब्याचे 2,800. एकूण 79,800. माझे फिजिओथेरपिस्टच्या 18 भेटींचे 10,800, दिवसाच्या बाईंचे 21 दिवसांचे 14,700, वॉकर आणि कमोडची उंच सीट 3,500. एकूण 29,000.

व्यायाम दोघींचे तेच: घोटे हलवणं, मांडीचे स्नायू आवळणं, पाय बाजूला सरकवणं. पथ्यंही तीच: मांडी घालायची नाही, वाकायचं नाही, झोपताना दोन पायांमध्ये उशी. तीन महिन्यांनी दोघीही काठीशिवाय मंदिरात गेलो. सामायिक मात्र खुर्चीवर.

मुलाने ऑस्ट्रेलियातला 2017 सालचा एक अभ्यास वाचून दाखवला. तो गुडघा बदललेल्यांचा होता. गुंतागुंत नसलेले रुग्ण, दहा दिवस केंद्रात राहिलेले असोत की थेट घरी गेलेले, सहा महिन्यांनी जवळजवळ सारखंच चालत होते.

मी खुशीत वही सुनेला दाखवली. ती हसून म्हणाली, "आई, माझी रजा कुठं लिहिलीत?"

24 दिवस. त्यातले 10 बिनपगारी, म्हणजे 18,000. शिवाय रात्री दोन-दोनदा उठून मला बाथरूमला नेणं, त्याचा भाव कोण ठरवणार? वैयावृत्त्य हे अंतरंग तप, असं आपण प्रवचनात ऐकतो. ते तप तिने केलं आणि माझ्या वहीत तिचं नावही नव्हतं. 18,000 तिच्या खात्यात भरले. ती रागावली, पण मी परत घेतले नाहीत.

वन्सं तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात, लिफ्ट नाही. त्यांच्यासाठी रात्री कोण उठणार होतं? क्षमावाणीची वाट न पाहता मी त्यांना फोन केला.

मैत्रिणींनो, ऑपरेशन ठरलं की डॉक्टरांना विचाराच. पण वहीच्या पहिल्या ओळीत लिहा, रात्री कोण उठणार. नाव सुचलं नाही, तर केंद्र महाग नाही. सुचलं, तर आधी तिला विचारा.